जमिनीवरून उठणं

मोंटानातल्या आमच्या क्लिनिकमध्ये ते दर सोमवारी यायचे. असिनिबॉइन या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतले वडीलधारे, ऐंशी पार केलेले, तरुणपणी युद्धावर जाऊन आलेले. मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. बसायचे ते कायम दाराकडे तोंड करून. बोलण्याआधी इतका वेळ थांबायचे की मीच घाईने पुढचं बोलून टाकायचे.

“खुर्चीतून मी उठतो,” ते दरवेळी म्हणायचे. “जमिनीवरून उठायला शिकव.”

“या गुडघ्यांनी? पडलात म्हणजे?” मी विषय मिटवायचे.

जूनमध्ये त्यांच्या मुलीने मला जमातीच्या नाचाच्या मेळाव्याला बोलावलं. नाचणाऱ्या एका पोरीच्या पोशाखातून गरुडाचं पीस निसटून गवतावर पडलं. ढोल एकदम थांबला. शेकडो माणसं जागच्या जागी उभी राहिली.

“पीस पडलं म्हणजे आमचा सैनिक पडला,” त्यांची मुलगी माझ्या कानाशी पुटपुटली. “ते युद्ध पाहिलेल्यानेच उचलायचं. इथे ते काम बाबांचं.”

त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि सावकाश गुडघे टेकले. मी पुढे झाले, तर मुलीने माझं मनगट घट्ट धरलं. त्यांनी पीस दोन्ही हातांत घेतलं. आता उठायला टेकवणार तरी काय? त्यांच्या मांड्या थरथरताना मला लांबून दिसत होत्या. कोणी हललं नाही. दोनदा ते अर्ध्यातून खाली बसले. तिसऱ्यांदा उभे राहिले.

सोमवारी ते आले तेव्हा मी खुर्ची हटवून जमिनीवर मॅट अंथरली होती. तिच्याकडे बघत ते बराच वेळ गप्प राहिले. या खेपेला मीही थांबले.