टॉवरच्या भाड्याचा वाटा

सक्करदऱ्याच्या त्या सोसायटीत नत्थूजी डोंगरे म्हणजे भलते तोंडाळ गृहस्थ. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबले, पण खरं कसब जिभेत. सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, त्याचं भाडं सोसायटीच्या खात्यात साठू लागलं आणि निवृत्त नत्थूजींना हक्काचं काम सापडलं. "गच्ची आपली, पैसा आपला, मंग वाटा काहून नाही?" असं ते जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, कुणाच्या तेराव्यालासुद्धा विचारत.

बिचारे अध्यक्ष महादेवराव दर सभेत सांगायचे, की कायद्यात ते बसत नाही. नत्थूजी मागच्या रांगेतून ओरडायचे, "कायदा नाही, तुमचं पोट आडवं येते! चोर!" लोक टाळ्या पिटायचे. शेवटी निवडणुकीत महादेवराव पडले आणि नत्थूजी अध्यक्ष झाले. गळ्यातला हार काढायच्या आधीच त्यांनी शब्द देऊन टाकला, दिवाळीच्या आत घरोघरी वाटा पोचेल. त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, नवा फ्रिज पसंतही करून ठेवला.

सहकार खात्याच्या कचेरीत नत्थूजी ऐटीत गेले. तिथल्या मिनल मॅडमनी शांतपणे समजावलं: भाडं सभासदांत वाटता येत नाही. द्यायचाच तर लाभांश, तोही ज्याच्या त्याच्या शेअरच्या रकमेवर, पंधरा टक्क्यांच्या वर नाही.

"मंग द्या ना पंधरा!" नत्थूजी खूश.

"एकेकाचे शेअर कितीचे आहेत?"

"पाचशेचे."

"म्हणजे घरटी जास्तीत जास्त पंच्याहत्तर रुपये. बाकीचे गच्चीला, टाकीला, लिफ्टला लावा की."

नत्थूजींना कसली लिफ्ट न्‌ कसली टाकी! आता सभेत उभं राहून महादेवरावांचंच वाक्य म्हणायचं होतं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांची जीभ जड झाली होती.

सभेला झाडून सगळे आले. एरवी न फिरकणारेही पुढच्या खुर्च्या धरून बसले होते. नत्थूजींनी घसा खाकरला, पाणी प्यायले, पुन्हा प्यायले आणि एकदाचं सांगून टाकलं. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "चोर!"

तेवढ्यात महादेवराव उठले. म्हातारा आता सगळं उट्टं काढणार, म्हणून नत्थूजींनी मान खाली घातली. पण महादेवराव म्हणाले, "नत्थू खरं सांगून राहिला गा. कायदाच तसा हाये. त्यानं एक पैसा खाल्ला नाही."

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. उलट सभा पेटली. "पाहा, दोघंही मिळालेले हायेत!" असा एकच गलका झाला आणि चहा तसाच थंड झाला.

घरी आल्यावर भागीरथाबाईंनी दार लावलं, खिडकी ओढून घेतली आणि आवाज खाली आणून विचारलं, "अवो, लोकायले जाऊ द्या. मले तरी खरं सांगा, कुठं ठेवले?"

नत्थूजींना रडायचंच तेवढं बाकी राहिलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि बाईच्या डोळ्यांत राग नव्हता, आशा होती!

सकाळी उठून ते महादेवरावांच्या दारात उभे राहिले. माफी मागायला गेले होते, पण तोंडातून भलतंच निघालं. "भाऊ, तुम्हाले वहिनी इचारत होत्या का, पैसे कुठं ठेवले म्हणून?"

महादेवरावांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "होत्या? अरे, काल घरी आल्यावर पुन्हा इचारलं. आता म्हणते, त्यातले नत्थूले किती देल्ले?"