राहिलेली उलटी फेरी

जी गोष्ट मी घरातही कधी काढली नाही, ती आज लिहून टाकतो. सहा वर्षांपूर्वी चिंचवडच्या रस्त्यावर एका मोटारीची परीक्षा झाली होती. ती मी जिंकलो, आणि जिंकण्यासाठी मी वाऱ्याची मदत घेतली... गुपचूप. ज्यांच्याविरुद्ध घेतली ते रावेतचे सोपानराव दीड महिन्यापूर्वी गेले.

निरोप आला तेव्हा कारखान्यात सकाळची पाळी नुकतीच लागली होती. रावेतचा एक गडी दाराशी सायकल टेकवून आत आला. नाना, म्हणजे सोपानराव, पहाटं गेले, म्हणाला. छातीत कळ आली, पाणी मागितलं, तेवढंच. मी 'अरेरे' म्हटलं, खुर्चीत बसलो, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. 'आता हे कुणालाच कळणार नाही,' असा तो विचार होता. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेचीच मला इतकी लाज वाटली, की त्या दिवसापासून हे लिहायचं मनात घोळत होतं.

त्या वेळी आमचा कारखाना नव्हता. मुंबई-पुणे रस्त्याला लागून दादासाहेबांचं एक मोठं गॅरेज होतं, पत्र्याचं. मी साताऱ्याकडून डिप्लोमा घेऊन आलेला, हिशेबी, वहीत सगळं टिपून ठेवणारा, म्हणून मला सगळे 'मास्तर' म्हणत. सोपानराव रावेतचे शेतकरी, चार इयत्ता शिकलेले. लढाईच्या काळात लष्करी गाड्यांवर हात बसला आणि मग शेती सांभाळून ते गॅरेजात येऊ लागले. इंजिनावर नुसता तळहात ठेवून कुठल्या नळकांड्यात बिघाड आहे ते सांगत. त्यांचं माझं जमलं ते भांडणामुळे, आणि भांडण सुरू झालं दादासाहेबांच्या गाडीवरून.

दादासाहेबांकडे एक विलायती सेडान होती, लांबलचक, सहा माणसं ऐसपैस बसतील अशी. मुंबईला जाता-येता ट्रकांना मागे टाकताना ती पन्नास मैलांच्या पुढे रेंगाळते, ही त्यांची तक्रार. साठ-सत्तरवर ती झटक्यात गेली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. एक दिवस आम्हा दोघांना समोर बसवून ते म्हणाले की पुढच्या वर्षी इथे कारखाना उभा राहतोय. ज्याची युक्ती गाडीला पळवेल त्याच्याकडे चाचणी खातं.

माझं म्हणणं होतं, दाते बदला. मागच्या आसात जी दातेरी जोडी असते तिच्यामुळे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाला पावणेचार फेरे घ्यावे लागत. मी लष्करी लिलावातून एक जोडी मिळवली, तिच्यात साडेचार फेरे पडत. चढावर बैल बदलून ताजे जुंपावेत तसा जोर लगेच वाढतो. सोपानरावांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत म्हणाले, "मास्तर, चाळिसापोत्तर तुमचं खरं. साठाच्या म्होरं इंजिन गाडीला वढत न्हाई, वाऱ्याला वढतंय. तुमी त्याला बिगीबिगी पळाया लावलं तर त्ये आधीच धापा टाकंल."

वारा दिसत नाही, मग तो कुठे अडतो हे कळायचं कसं? त्यांनी आपल्या घोंगडीच्या एका कोपऱ्याची लोकर उपटली आणि बोटभर लांबीचे पुंजके डिंकाने गाडीच्या बॉनेटवर, काचेभोवती, टपावर चिकटवले. दादासाहेब गाडी चालवत होते आणि मी शेजारून जीपमध्ये वही घेऊन. जिथे वारा सरळ वाहतो तिथले पुंजके अंगाला चिकटून पडत. जिथे तो अडखळतो तिथले उभे राहून भिरभिरत. काचेवर उन्हासाठी लावलेला पत्र्याचा छज्जा होता, त्याच्यामागचे पुंजके तर पिसाळल्यासारखे. सोपानरावांनी तो छज्जा काढला, टपावरचं सामानाचं कडं काढलं, आणि पुढच्या बंपरपासून इंजिनाच्या खालून एक लांब पत्रा लाकडी हातोड्याने वाकवून बसवला. वारा गाडीच्या पोटात शिरून तिथेच कुस्ती खेळतो, म्हणाले. मी हसलो होतो. पण आकडेमोड करून पाहिली... वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो. माणूस बरोबर होता. हे मला परीक्षेच्या आधी आठ दिवस कळलं.

त्याच आठवड्यात त्यांनी मला रावेतला खळ्यावर नेलं. ज्वारीची मळणी झाली होती. उंच तिवईवर उभं राहून ते सूप हलवत होते, दाणे सरळ खाली पडत होते आणि भुसकट उडून पलीकडे जात होतं. वहिनींनी, म्हणजे यमुनाबाईंनी, भाकरी आणि ठेचा वाढला. सकाळपासून का नाही उपणलं, असं मी सहज विचारलं. सोपानराव म्हणाले, चैतात सकाळी पान हालत न्हाई. दोन वाजून गेलं की लोनावळ्याकडनं वारं उतरतं, रोज, न चुकता. सवयीप्रमाणे मी ते वहीत टिपलं.

आणि तेच वापरलं. परीक्षेची वेळ ठरवायचं काम माझ्याकडे होतं. माझी जोडी आदल्या दिवशीच बसवून ठेवली. म्हणजे सकाळी आठला माझी फेरी. मग ती जोडी उतरवून जुनी चढवायची, पत्रा लावायचा, यात दुपार होणारच. रस्ता तोच, दिशा तीच, चिंचवडकडून देहूरोडकडे, म्हणजे पश्चिमेला. गाडी पन्नासच्या वेगाने पहिल्या मैलाच्या दगडाशी यायची, तिथे पाय पूर्ण दाबायचा, आणि पुढच्या दगडापर्यंतचा वेळ घड्याळावर घ्यायचा. दिसायला अगदी न्यायाचं. दादासाहेब चालवणार, मी मागे घड्याळ धरून. सकाळी वारा नव्हता. एकसष्ट सेकंद लागले.

दुपारी तीनला आम्ही पुन्हा निघालो तेव्हा सोपानराव पहिल्या दगडाशी उभे होते. माझी जोडी त्यांनीच उतरवली होती, हात काळे होते. गाडी त्यांच्याजवळून गेली तशी मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. त्यांनी रस्त्याकडेची मूठभर माती उचलली आणि बोटांतून सोडली. ती खाली पडली नाही. पुण्याकडे वाहत गेली. त्यांनी मान वर करून गाडीकडे पाहिलं... माझ्याकडे. चौसष्ट सेकंद लागले.

परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, एकडाव उलट्या अंगानं धावू द्या की. वारं अंगावर व्हतं."

दादासाहेब माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "सोपानराव, घड्याळाला वारा लागत नाही."

दादासाहेब हसले. सोपानरावही हसले, कपाळ पुसलं आणि छिन्नी-पाने गोळा करायला गेले. वाक्य मला त्या वेळी फार चतुर वाटलं होतं.

कारखाना झाला, खातं मला मिळालं. माझी जोडी गाडीत कायमची बसली. सहा वर्षं सोपानराव माझ्या हाताखाली फिटर होते. मला साहेब म्हणाले नाहीत, मास्तरच म्हणत राहिले. कुठलीही नवी गाडी चाचणीला आली की आधी तिच्याभोवती एक फेरी मारून वारा कुठे अडेल ते बोटाने दाखवत, आणि मी ते माझ्या अहवालात लिही. दादासाहेब अधूनमधून म्हणत की गाडी पासष्टच्या पुढे नुसती ओरडते, पळत नाही. मी सांगे, इंजिन जुनं झालं. दरवर्षी चैत्रात सोपानराव ज्वारीचं लहानसं गाठोडं टेबलावर आणून ठेवत आणि म्हणत, "साफ हाय, मास्तर. दुपारच्या वाऱ्यातली." तो टोमणा होता की माया, हे मी सहा वर्षांत ठरवू शकलो नाही. भाकरी मात्र खात राहिलो.

तेराव्यानंतर मी रावेतला गेलो. भिंतीशी खुंटीवर ती घोंगडी होती, एक कोपरा बोडका. अंगणात वहिनींनी सांडगे वाळत घातले होते, आणि ते ज्याच्यावर घातले होते तो पत्रा मी लगेच ओळखला. वाकवलेला, कडा ठोकून गुळगुळीत केलेला. मग मी उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगितलं. खळ्यावरचं, वहीतलं, घड्याळाचं. वहिनी सांडगे उलटे करत ऐकत होत्या.

"त्यास्नी ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, मास्तर वंगाळ मानूस न्हाई. कवातरी सोता बोलंल."

"ते असताना बोललो नाही, वहिनी."

"न्हाई बोललासा." त्यांनी विचारलं, "मंग आता काय करनार?"

गाडी अजून आहे, म्हटलं. पत्राही आहे. पुन्हा धावू या, दोन्ही अंगांनी.

"आन् घड्याळ कोन धरनार?"

"मी नाही," मी म्हटलं.

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. सांडगे परातीत काढून घेतले, पत्रा पदराने पुसला आणि माझ्यापुढे केला. घोंगडी खुंटीवरून काढून वर ठेवली. पुंजके लागतील म्हणाल्या, अजून तीन कोपरे हायत.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांना सांगितलं. राजीनाम्याचा कागद मी सोबत नेला होता, तो त्यांनी न वाचता बाजूला सरकवला. "खुर्चीचं नंतर बघू. आधी फेरी कधी घ्यायची ते बोल."

परवा जुनी जोडी पुन्हा बसवली. पत्रा मी स्वतः लावला. सोपानरावांनी पाडलेली भोकं बंपरच्या भोकांशी सहा वर्षांनंतरही अचूक जुळली, एकही नव्याने पाडावं लागलं नाही. खात्यातल्या पोरांनी उत्साहाने पुंजके चिकटवले. या वेळी चार फेऱ्या घ्यायच्या, सकाळी दोन, दुपारी दोन, जाता आणि येता, मग माझ्या जोडीच्याही तशाच चार. गाडी खात्यातला एक पोरगा चालवेल, घड्याळ दादासाहेब धरतील, आणि मागच्या सीटवर वहिनी बसणार आहेत. मोटारीत त्या कधी बसलेल्या नाहीत. भीती वाटेल का, विचारलं तर म्हणाल्या, बगू की, ह्ये येवढं काय बघत व्हते त्ये तरी कळंल. निकाल काय लागेल, मला माहीत नाही. माझं गणित म्हणतं सोपानराव जिंकतील. पण निकाल मी आता माझ्या गणितावर सोडणार नाही.

घोंगडी माझ्या खुर्चीमागे खुंटीवर आहे. आता दोन कोपरे बोडके झालेत. देहूरोडकडून चिंचवडकडे, वारा पाठीशी घेऊन, एक मैल... एवढं मी सोपानरावांचं देणं लागतो.