खळ्यावरचं टेनिस

आमच्या घरी टेनिसचे चार फोटो आहेत, असं सांगितलं की लोक आधी हसतात. आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरच्या आसपासचं ज्वारी-कापसाचं गाव, नऊवारी नेसणाऱ्या बायका, आणि टेनिस? मग मी फोटो पुढे ठेवते.

पहिल्या फोटोत माझी आत्या आहे, बाबांची धाकटी बहीण. हातात रॅकेट धरून ती अशी ताठ उभी आहे, जणू कुणी शिक्षा केली आहे. रॅकेट उजव्या हातात आहे, आणि तेच खोटं आहे. आत्या डावखोरी होती. बाबांचे आईवडील लवकर गेले, म्हणून आमच्या आईनेच तिला वाढवलं. डाव्या हाताने वाढलेलं कुणी जेवत नाही, डाव्या हाताने लावलेला दिवा देवाला चालत नाही, असं सांगत आईने तिचा तो हात कितीदा धरला असेल. उंचही फार होती. आलेली दोन स्थळं या दोन कारणांनीच परत गेली होती. फोटो काढायच्या वेळी आई म्हणाली, "फोटोत तरी उजव्या हातात धर वो बाई." आत्याने धरली.

फोटो काढला तो सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. ते हैदराबादचे. त्यांची बायको तिकडे शाळेच्या वसतिगृहात टेनिस शिकलेली. गावात तिला सगळे बेगमसाब म्हणत. येताना तिने दोन रॅकेटी आणल्या होत्या, पण डॉक्टरांना दमा, आणि दुसरं खेळणार कोण? आत्या त्यांच्याकडे रोज दूध घेऊन जायची. एक दिवस बेगमसाबने तिच्या हातात रॅकेट दिली आणि अंगणात चेंडू टाकला. आत्याचा डावा हात आपसूक पुढे झाला. लगेच तिने जीभ चावली आणि हात बदलला.

"नक्को, नक्को," बेगमसाब म्हणाली. "जिस हाथ में ताकत है, उसीसे मारो."

असं तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं.

अंगण पुरेना. दवाखान्याला लागूनच आमचं खळं होतं. ज्वारीची मळणी झाली की होळीपासून पेरणीपर्यंत ते रिकामंच असायचं. शेणाने सारवलेलं, घट्ट, सपाट. डॉक्टरांनी विचारलं, बाबा हो म्हणाले. बेगमसाब गोषात राहायची, म्हणून चारी बाजूंनी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचं, उंच कूड घातलं. चुन्याच्या रेघा ओढल्या. मूळ जाळं उंदरांनी कुरतडलं होतं, तेव्हा आत्याने अंबाडीची दोरी वळून नवं विणलं. आई रॅकेटला चाळणी म्हणायची. "चाळनी घेऊन धावून राह्यली," असं शेजारणीला सांगायची, पण आडवी आली नाही.

दुसरा फोटो कुडाच्या आतला आहे. आत्याचा पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, डावा हात हवेत. चेंडू फोटोत दिसत नाही.

त्यानंतरच्या भाद्रपदात निजामाच्या राज्यात भारताचं सैन्य शिरलं, पोलीस अ‍ॅक्शन झालं. मी सात वर्षांची असेन. डॉक्टर कामासाठी आदिलाबादला गेले होते आणि मोटारी बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. बेगमसाब आणि तिची तीन वर्षांची मुलगी दवाखान्यामागच्या घरात एकट्या. कुणी म्हणे निजाम शरण गेला, कुणी म्हणे अजून लढून राह्यला. आसपासच्या गावांत मुसलमानांची घरं लुटल्याच्या बातम्या येत होत्या. आत्या सकाळी दूध द्यायला गेली ती दोघींना घेऊनच परत आली. एक रॅकेटही तिने पदराखालून आणली होती. आईला काही विचारलं नाही. आईने दोघींना आत घेतलं. फक्त बेगमसाबचं जेवण वेगळ्या ताटात, ओसरीच्या कोपऱ्यात वाढलं. त्या वेळी ते आम्हाला वावगं वाटलं नाही, हे लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी बाबा डॉक्टरांचा पत्ता काढायला गुडीहत्नूरला गेले. त्याच दुपारी दारात तीन माणसं आली. खांद्यावर कुऱ्हाडी. परकी नव्हती, तिघांनाही आम्ही ओळखत होतो.

"दवाखान्यातली बाई अंदर हाये म्हन्ते. तिले बाहेर काढा."

आत्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिचं डोकं चौकटीला टेकलं होतं. "ते माही मैतरीण हाये. ते नाई येत बाहेर."

"दुसऱ्यायच्या भांडनात तुमी बायायनं काऊन पडावं?"

तेवढ्यात चुलीजवळून आई आली. हात पिठाने भरलेले. तिने तिघांपैकी एकाकडेच पाहिलं.

"तुह्या पोरीले पटकी झाली, तवा तीन दिवस तुह्या दारात कोन बसला होता?"

तो माणूस खाली पाहू लागला. "डाक्टर," तो म्हणाला. दुसऱ्याने काहीतरी पुटपुटलं, पण पहिल्याने त्याचा दंड धरला. "चाल. आता चाल इथून." तिघे गेले.

आई परत चुलीपाशी बसली. तिच्या हातची भाकरी दोनदा मोडली. आत्याने परात स्वतःकडे ओढली आणि डाव्या हाताने भाकऱ्या थापल्या. आईने त्या एकेक करून तव्यावर टाकल्या. बेगमसाब आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागे मुलीला छातीशी धरून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. जेवायच्या वेळी आईने तिचं ताट उचललं आणि आमच्या ओळीत मांडलं.

आठवड्याने बाबा डॉक्टरांना बैलगाडीतून घेऊन आले. दाढी वाढलेली, दमा उसळलेला. आईसमोर उभे राहून ते "भाभी" म्हणाले. मग त्यांनी मुलीला उचलून घेतलं. दवाखान्यामागचं घर लुटलं गेलं होतं. दुसरी रॅकेटही गेली. कॅमेरा तेवढा डॉक्टरांबरोबर होता म्हणून वाचला.

पुढच्या होळीनंतर बाबांनीच खळं सारवून घेतलं. सुताराकडून सागवानाची एक फळी रॅकेटसारखी कोरून आणली. कूड घालायला गडी आले, तर बेगमसाबने त्यांना परत पाठवलं. "जिनके घर में रही, उनसे कायका परदा?"

तिसरा फोटो त्या उन्हाळ्यातला. बेगमसाबच्या हातात सागवानी फळी आहे, खरी रॅकेट तिने आत्याला दिली आहे. मागे गावातले लोक धोतरं खोचून आपल्या पाळीची वाट बघत आहेत.

चौथ्या फोटोत जाळ्यापलीकडे मास्तर दिसतात. गावात नव्याने मराठी शाळा आली होती, तिथे शिकवणारे ते किनवटकडचे. महिनाभर रोज संध्याकाळी खेळायला यायचे. मग एक दिवस बाबांकडे आले आणि आत्याला मागणी घातली. बाबा सरळ माणूस. म्हणाले, "पोरगी डावखोरी हाये मास्तर. मांगून म्हनसान सांगतलं नाई."

"मले मालूम हाये," मास्तर म्हणाले. "तिच्याच हातानं रोज हारून राह्यलो."

लग्नाला डॉक्टर आणि बेगमसाब होते. पुढच्याच वर्षी त्यांची हैदराबादला बदली झाली.

मग भाषेनुसार राज्यं झाली. किनवट मुंबई राज्यात गेलं, आम्ही आंध्रात राहिलो. शाळेत तेलुगू आली. मास्तरांनी आपला तालुका धरला. तोवर आत्या आमच्या दोन गल्ल्यांपलीकडे राहत होती, आता दुसऱ्या राज्यात निघाली. आईने गाडीत ज्वारीचं पोतं ठेवलं, लोणचं ठेवलं, आणि गाडी हलेपर्यंत तिचा हात सोडला नाही. मी चौदा-पंधरा वर्षांची, वर्गात तेलुगू मुळाक्षरं गिरवायला बसलेली, तशीच दप्तर टाकून पळत आले होते.

तिकडे मास्तरांनी आत्याला शिकवलं. ती सातवी पास झाली आणि मुलींच्या शाळेत लागली. मुलींना ती खेळायला लावायची, त्यावरून कुणी तक्रार केली तर मास्तर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विसरून जायचे.

खूप वर्षांनी बेगमसाबची मुलगी आत्याकडे आली. तेव्हा मीही तिथे होते. ती आता डॉक्टर झाली होती. बेगमसाब मरताना तिला सांगून गेली होती, म्हणे, की एकदा तरी जाऊन भेट. तिला त्या दिवसांतलं काहीच आठवत नव्हतं, फक्त कणगीचा वास आठवत होता. आत्याने तिला सगळं सांगितलं, पीठ भरल्या हातांचं, ताटाचं, बैलगाडीचं. मुलगी रडली, मग तिने विचारलं, "वो तीन लोग कौन थे?"

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "होते कोनी," ती म्हणाली. "एकानं बाकीच्यायले परत नेलं, तेवढं ध्यानात ठेव."

मीही त्याचं नाव सांगितलं नाही. त्या माणसाची नातवंडं आमच्या शेजारीच कापूस लावतात.