साडभाऊंच्या जीपची हवा

हवेवर रागावलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मे महिन्यातल्या हवेवर आमच्या गोंदिया जिल्ह्यात सगळेच वैतागतात, त्याचं काही नाही. आमच्या साडभाऊंचा राग चाकातल्या हवेवर. ती दिसत नाही, सांगून जात नाही आणि जिथे भरली तिथे राहत नाही, हे तिचे गुन्हे ते मला वर्षानुवर्षं ऐकवत आले आहेत, आणि तेही अशा आवेशात की हवा मीच काढली असावी. "साडभाऊ, माणूस नोकरी सोडते तं सांगून सोडते. हे हवा कायले न सांगता जाते?" असं त्यांनी मला एकदा तेरवीच्या पंगतीत विचारलं होतं. मी भाताचा घास गिळला आणि वाढप्याकडे वरण मागितलं.

साडभाऊंचं घर सौंदडला. धानाची लहानशी मिल, जंगलाच्या कडेला थोडी शेती आणि त्या शेतीच्या निमित्तानं पाळलेली एक जुनी जीप. चारही चाकं ओढणारी, ताडपत्रीच्या टपाची, नदीनाले ओलांडणारी. त्या जीपचं मागचं चाक एकदा कोहमाऱ्याच्या अलीकडे फुटलं. जीप रस्ता सोडून थेट बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात शिरली. कुणाला खरचटलंही नाही, पण शेजारी बसलेल्या ताईंच्या हातातल्या बांगड्या फुटल्या. ताई म्हणजे साडभाऊंची बायको. त्या खाली उतरल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "आता या गाडीत बसत नाई मी. तुम्ही फिरा खुशाल." ताई कमी बोलतात आणि बोललेलं मागे घेत नाहीत. तेव्हापासून त्या एस्टीनं जाऊ लागल्या.

आता शहाण्या नवऱ्यानं काय करावं? बायकोबरोबर एस्टीत बसावं. आमचे साडभाऊ एस्टीच्या मागे जीप चालवत जायचे. नवराबायको एकाच लग्नाला निघालेले, बायको एस्टीत आणि नवरा एस्टीची धूळ खात मागे. बस थांब्यावर थांबली की हे जीप बाजूला आणायचे, हॉर्न द्यायचे आणि ताईंनी खिडकीतून पाहिलं की शेजारच्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवायचे. ताई तोंड फिरवायच्या. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. सगळी बस हसायची, कंडक्टर हसायचा, आणि मागच्या सीटवर बसून ती धूळ खाणारा मी मात्र संतापायचो. "तुम्हीही बसा की एस्टीत," मी म्हटलं. "मी काऊन बसू? तिची जागा इथं आहे," ते म्हणाले. बाईला पुन्हा त्या सीटवर बसवायचं, एवढा एकच ध्यास माणसानं घेतला होता.

आणि मग त्यांनी नागपूरहून ते यंत्र आणलं. चाकांच्या व्हॉल्व्हवर बसवायची चार टोपणं आणि समोर डॅशबोर्डवर चिकटवायचा एक लहान पडदा. कोणत्या चाकात किती हवा, ते आकडे त्यावर दिसत. हवा कमी झाली की तो किंचाळे. साडभाऊंनी ते स्वतः बसवलं आणि टोपणं चोरीला जातील म्हणून जिथे जीप उभी करतील तिथे चारही काढून रुमालात बांधून खिशात घालायला सुरुवात केली. पडदा बंद करायला मात्र विसरायचे. चाकांवर टोपणं नाहीत म्हणजे हवाच नाही, असं त्या बिचाऱ्याला वाटणार. आमच्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवाबाहेर ती जीप असा काही आकांत करत होती की भटजींनी सूर बदलला. हे महाशय अक्षता टाकत होते, शांतपणे.

पण ताईंना त्यांनी जीपपाशी नेऊन ते आकडे दाखवले. "पाय, आता हवा दिसते. कमी झाली का हा ओरडते. ओरडला का उतर." ताईंनी आकडे बराच वेळ पाहिले. "ओरडला का उतरीन. मंग पुन्हा बसणार नाई," एवढं म्हणून त्या बसल्या. साडभाऊंनी त्या दिवशी गावातून जीप इतकी हळू नेली की बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलं.

त्यानंतर भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आला, प्रतापगडाकडच्या एका गावी. पाहुणे बसलेले, आमची वाट पाहत. मुख्य रस्ता खणलेला, म्हणून आम्ही पांदणीनं, शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेनं निघालो, आणि उन्हाळी धानाला सोडलेलं कालव्याचं पाणी पांदणीवर आलेलं. जीप चिखलात रुतली. आता रुतलेल्या चाकाची हवा थोडी काढायची, चाक पसरतं, चिखल धरतं आणि गाडी निघते. हे मला ठाऊक आहे, कारण साडभाऊंनीच मला त्यांच्या शेतात दहादा करून दाखवलं होतं. त्या दिवशी मात्र काढेनात. नुसतं इंजिन रेटत राहिले आणि मी मागून ढकलत राहिलो. माझा नवा पांढरा सदरा कमरेपर्यंत काळा झाला. शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो, हवा काढा, नाहीतर मी पायी जातो," मी ओरडलो.

ते खाली उतरून माझ्याजवळ आले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "साडभाऊ, तुमाले समजून नाई राहिलं का? हवा काढली का थो ओरडन. ओरडला का थे उतरन. एकदा उतरली तं मंग बसते का?"

मला समजलं. म्हणून राग गेला असं नाही. तिकडे भाचीची सोयरीक खोळंबलेली आणि इकडे हा गृहस्थ एका आकड्यासाठी चिखलात उभा.

पुढच्या सीटवरून ताई म्हणाल्या, "काहो, काढा हवा."

साडभाऊ बोटानं चाकावरचा चिखल काढू लागले.

"काढा म्हणून राहिली ना मी."

ते वाकले. टोपण काढलं, हवा सुस्कारत निघाली आणि पडदा किंचाळायला लागला. बांधीतले बगळे उडाले. चारही चाकं होईपर्यंत तो थांबला नाही. साडभाऊ ताईंकडे न पाहता पुन्हा स्टिअरिंगवर येऊन बसले. ताईंनी एका हातानं दांडी धरली आणि रडणाऱ्या पोराला घ्यावं तसा तो पडदा उपटून पदराखाली घेतला. "चला आता," त्या म्हणाल्या. जीप निघाली. साक्षगंधाच्या प्रत्येक फोटोत मी चिखलानं माखलेला आहे आणि कारण अजून लोक मलाच विचारतात.

त्यालाही आता वर्षं झाली. साडभाऊंची नजर कमी झाली, जीप मिलमागे उभी आहे, टोपणांतले सेल कधीच संपले. आता दोघंही आमच्याकडे एस्टीनं येतात. परतताना मी त्यांना बसवून द्यायला स्टँडवर जातो. ताई आधी चढून जागा धरतात, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवतात. साडभाऊ खालीच. एस्टीच्या चाकांना एकेक करून लाथ मारून पाहतात आणि महामंडळाला नावं ठेवतात. ड्रायव्हर हॉर्न देतो, कंडक्टर ओरडतो, माझंही डोकं तापतं.

ताई मात्र ओरडत नाहीत. पिशवी उचलून खिडकीतून त्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "या आता. हवा बराबर आहे."