सर्व्हरबाई कोणती परीक्षा देणार?

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे सर्व्हरबाई म्हणत. नोंदणीच्या काउंटरवरच्या एका कारकुनानं थट्टेत ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं, की मोठे डॉक्टरसुद्धा फोनवर "जरा सर्व्हरबाईंना द्या" म्हणू लागले. तिला ते मनातून आवडायचं. जिन्याखालच्या थंडगार खोलीत दवाखान्याचे सर्व्हर होते आणि त्या खोलीची किल्ली वर्षानुवर्षं हिच्या गळ्यातल्या पट्ट्याला लटकत होती. ती किल्ली नसती तर बाई अर्ध्या कपड्यांनिशी घराबाहेर पडल्यासारखी बावचळली असती.

बाई मुळातच अस्वस्थ जीव. खुर्चीत बसली तरी टेबलाखाली उजवा पाय हलत राहणार, चहाचा कप हातात घेऊन विसरणार, फोन वाजायच्या आधीच उठून उभी राहणार. अशा बाईच्या पुढ्यात सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येऊन पडली, आणि सोबत ते बनवणाऱ्या कंपनीची घोषणा, की सर्व्हर सांभाळणाऱ्यांची जुनी प्रमाणपत्रं आता बाद होणार. मग काय विचारता! तो पाय शिवणयंत्राच्या पायट्यावर ठेवल्यासारखा चालू झाला.

पुढं दोन रस्ते होते. एक छोटी परीक्षा. जुनं प्रमाणपत्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी एकच पेपर, नव्यात काय बदललं तेवढंच विचारणार, आणि तोही लवकरच बंद होणार. दुसरा मोठा मार्ग. जणू काही येतच नाही असं समजून पहिल्या धड्यापासून सुरुवात, वर्गात बसायचं, एकामागून एक पेपर, वर्ष कुठं गेलं कळणार नाही.

व्यवस्थापक साहेबांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. "तुमच्यासाठी एकाच मार्गाची फी भरता येईल. शुक्रवारी मला सांगा. आणि हे बघा, नवे सर्व्हर बसतील तेव्हा नव्या आवृत्तीचं प्रमाणपत्र ज्याच्याकडे असेल, खोली त्याच्या ताब्यात. तपासणीवाले कागद बघतात, चेहरा नाही."

हे खोलीच्या ताब्याचं वाक्य तिच्या काळजात रुतलं. कारण तिच्याच विभागात मौनीबाबा होता. तिच्याहून बराच लहान, दोन लेकरांचा बाप, कामाला चोख आणि बोलायला महाकंजूष, म्हणून हे नाव. तो स्वतःच्या खर्चानं केव्हाच मोठ्या मार्गाला लागला होता आणि नवे सर्व्हर येईतो पार होणार होता. म्हणजे हिशेब सरळ होता. छोटी परीक्षा दिली तर किल्ली बाईकडे. मोठा मार्ग धरला तर किल्ली मौनीबाबाकडे.

मग घोडं अडलं कुठं? अडलं ते एका जुन्या खुपणाऱ्या गोष्टीपाशी. दर आवृत्तीला बाईनं छोटीच परीक्षा दिली होती. बदललं काय ते पाठ करायचं, पेपर द्यायचा, प्रमाणपत्र भिंतीवर. पाया म्हणून जे शिकली होती ते आता कुठल्याच पुस्तकात उरलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे ती स्वतःलाही सांगत नव्हती.

सोमवारी तिनं छोटी परीक्षा ठरवली. मंगळवारी मोठी. बुधवारी सकाळी छोटी, दुपारी मोठी, आणि संध्याकाळी जेवायला बसल्यावर दोन्ही.

नवरा गाडी शिकवायचा. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला अशी सवय लागली होती, की घरात कुणी जोरात बोललं तरी तो पाय फरशीवर दाबून ब्रेक मारायचा. टेबलाखाली एकाचा पाय हलत होता, दुसऱ्याचा दाबत होता. मुलगी वैतागून ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

"अहो, तुम्ही सांगा ना. काय करू?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एक सांगू? कोरा माणूस मी पटकन तयार करतो. माझ्या नाकीनऊ आणतात ते वर्षानुवर्षं चालवून आलेले. हात आपोआप चालतात त्यांचे. का चालतात विचारलं की राग येतो."

"म्हणजे मला येत नाही म्हणायचंय तुम्हाला?"

"बघ, आलाच राग." त्यानं फरशीवर ब्रेक दाबला आणि आमटीकडे वळला.

गुरुवारी बाई दवाखाना उघडायच्या आधीच खोलीत हजर. कोपऱ्यात तिनं सरावासाठी एक मोडीत निघालेलं मशीन ठेवलं होतं आणि त्यावर नवी आवृत्ती चढवली होती. सरावाच्या मशीनची केबल दवाखान्याच्या नेटवर्कला लावायची नाही हा नियम तिचाच. तसा कागद तिनंच भिंतीवर चिकटवला होता. पण आज तिनं मोठा मार्ग पक्का केला होता आणि त्याचे धडे उतरवून घ्यायला नेट हवं होतं. पाच मिनिटांचा तर प्रश्न! तिनं केबल लावली.

धडे उतरेपर्यंत मन फिरलं. वर्षभर वर्गात बसायचं? या वयात? नको, छोटीच बरी, आत्ताच सराव सुरू करू. आणि तिनं आपली स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्ट म्हणजे सर्व्हरला ओळीनं द्यायच्या हुकमांची फाईल. ही तिनं वर्षानुवर्षं वाढवत आणलेली. कोणतंही नवं मशीन आलं की एकदा चालवायची, आणि मशीन दवाखान्याच्या रीतीनं वागायला लागायचं. मग ती चहा घ्यायला वर गेली. तळ्यात-मळ्यात करता करता केबल भिंतीतच राहिली.

दवाखाना उघडला आणि अर्धे काउंटर मुके झाले.

दवाखान्यातला प्रत्येक संगणक सकाळी चालू होताच विचारतो, माझा पत्ता काय? एक ठरलेला सर्व्हर उत्तर देतो. पत्ता मिळाला की त्याला बाकीच्यांशी बोलता येतं. आज मात्र काही संगणकांना भलतेच पत्ते मिळाले होते आणि ते कुणाशीच बोलू शकत नव्हते. रुग्णांचे कागद उघडेनात. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती वर धावली, खाली धावली, नेटवर्कवाल्या कंपनीला फोनवर फैलावर घेतलं, मौनीबाबावर विनाकारण खेकसली. तो एकेक काउंटर तपासत राहिला.

तपासणीच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं बसली होती. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब त्यांच्या डोळ्यांत घातलेले. ना धड दिसत, ना उजेड सोसत. डोळे मिटून सगळे आपापल्या नंबराची वाट पाहत होते. बाई तिथून धावत निघाली तर एका म्हातारीनं पावलांचा आवाज ऐकून हात पुढं केला आणि हिचा दुपट्टा धरला.

"बाई, माझा नंबर निघून तर नाही ना गेला? मला दिसत नाही गं. कुणीच काही बोलेना."

"नाही आजी. बसा तुम्ही. होतंय," बाई म्हणाली. खरं तर काय होतंय ते तिला माहीत नव्हतं.

खोलीत परत येऊन तिनं एका मुक्या संगणकाला पत्ता दिला कुणी ते शोधलं. उत्तर आलं आणि तिनं हळूच मान वळवली. कोपऱ्यात सरावाचं मशीन निवांत घरघरत होतं. भिंतीतली केबल दिसत होती, आणि तिच्या वरच तो कागद.

पत्ते वाटायचं काम तिच्या स्क्रिप्टमध्ये होतंच. पण जुन्या आवृत्तीत ते झोपून राहायचं. हातानं उठवल्याशिवाय उठायचं नाही. नव्या आवृत्तीत ते बसवताक्षणीच कामाला लागलं होतं. आधी का झोपायचं? हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि छोट्या परीक्षेत ते येतही नव्हतं. बाईनं केबल उपटली. मग खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं.

तासाभरात सगळं सुरळीत झालं. थेंबांचा अंमल उतरलेल्यांना पुन्हा थेंब घालावे लागले, म्हातारीलाही. साहेबांनी नेटवर्कवाल्या कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं ठरवलं. कुणालाच काही कळलं नव्हतं. गप्प बसली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, आणि ती रात्रभर तेच स्वतःला समजावत कूस बदलत राहिली.

शुक्रवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. "ते पत्र पाठवू नका. माझ्या मशीननं झालं ते." आणि कसं झालं ते सगळं सांगितलं.

साहेब चिडले, मग दमले. "बरं. पुन्हा होता कामा नये. छोट्या परीक्षेचा अर्ज भरून टाका आता."

"मोठ्या मार्गाचा भरते."

"अहो, मग किल्ली..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. शब्द मागं घेतला नाही.

नवे सर्व्हर आले तेव्हा बाईचे निम्मे पेपरसुद्धा झाले नव्हते. संध्याकाळी वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची, अर्ध्या वयाच्या पोरांमध्ये, आणि "पण असं का?" विचारून विचारून शिकवणाऱ्याला भंडावून सोडायची. घरी नवरा म्हणायचा, "आता झालीस खरी शिकाऊ," आणि ब्रेक मात्र मारायचा नाही.

किल्ली तिनं मौनीबाबाच्या हातात दिली तेव्हा त्यानं ती गळ्यात घातली नाही, खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाई सवयीनं जिन्याखाली आली, दाराशी हात गळ्याकडे गेला आणि रिकामा खाली आला. दार लोटलेलंच होतं. आत पंख्यांचा तोच आवाज, फक्त तिच्यावाचून चाललेला. तिनं दारावर टकटक केली.

"आत येऊ का?"

मौनीबाबा गडबडून उभा राहिला. त्याच्या टेबलावर तिचीच स्क्रिप्ट छापून ठेवलेली होती, निम्म्या ओळींपुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं. खुर्ची त्यानं तिच्याकडे सरकवली.

"मॅडम, ही ओळ कशासाठी आहे?"

बाईनं ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"नाही माहीत," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "चल, शोधू."