वजनकाट्यावरची मंडळी

ठाकुर्लीत आमच्या सोसायटीच्या मागून एका कारखान्याची रेल्वे साइडिंग जायची. कारखाना बंद पडला, रूळ गंजले, मग ते उपटून तिथे चालायला आणि सायकलींना रस्ता केला. कारखान्याच्या फाटकातला वॅगनचा वजनकाटा मात्र तसाच राहिला, कारण तो कंपनीचा आणि कंपनी कोर्टात. वर लोखंडी पत्रे टाकले आणि रस्ता त्यावरूनच आवारात नेऊन पलीकडे काढला.

पहिल्या दिवशी फाटकावरच्या वॉचमनने मला आणि बायकोला हात करून थांबवलं.

"काट्यावर उभे राहा."

"कशाला?"

"साइडिंगवरून येणारा माल वजन झाल्याशिवाय आत सोडायचा नाही, अशी ऑर्डर आहे."

"अहो, आम्ही माल नाही."

"ते मी कसं ठरवणार, साहेब?"

तो चेष्टा करत नव्हता. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, कडक इस्त्रीतला माणूस. त्याचा पगार चालू होता आणि ऑर्डर कुणी मागे घेतली नव्हती. आम्ही उभे राहिलो. टनांत मोजणारा तो काटा जागचा हलला नाही.

"शून्य," तो म्हणाला. "रिकामं आहे. जाऊ द्या."

डॉक्टरांनी बायकोला वजन कमी करायला सांगितलं होतं. घरातल्या काट्याशी तिने बोलणंच सोडलं होतं. ती मागे वळून पुन्हा पत्र्यावर चढली. "नीट बघा हं, भाऊ."

"शून्य, ताई."

त्यानंतर तिचं फिरणं एक दिवस चुकलं नाही. सोसायटीतल्या बायकाही यायला लागल्या. आमच्या मजल्यावरच्या एका निवृत्त प्राध्यापकांना हे बघवेना. काटा अडकलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. "मुळीच नाही," बायको म्हणाली. शेवटी एका रविवारी ठरलं, सगळ्यांनी एकदम उभं राहून बघायचं. आम्ही वीसेक जण सायकलींसकट दाटीवाटीने चढलो. काटा ढिम्म.

ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी आहे ते गावातले काका म्हशी घेऊन तिथून चालले होते. आमची अडचण ऐकून त्यांनी विचार केला. "माझ्या म्हशी चढवू का?" तीन म्हशी चढल्या. काटा थरथरला, थोडा सरकला आणि थांबला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

वॉचमनने काट्याच्या दोन्ही बाजूंची फाटकं लावून घेतली.

"आता भरलेला माल झाला," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आत घेता येत नाही, गोडाऊनला सील आहे. परत पाठवायचा तर ऑफिसची सही लागते."

"ऑफिस कुठेय?"

"बंद आहे."

प्राध्यापक त्याला कायदा समजावू लागले. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, "सर, तुमचं बरोबर असेल. पण नोकरी माझी जाईल." एक म्हैस खाली बसली.

मग काका म्हणाले, "अरं बाबा, माल उतरवला तं?"

वॉचमनने काट्याकडे पाहिलं. "उतरवला तर रिकामंच झालं."

"मंग उतरव ना."

त्याने एकेकाला हात धरून खाली घेतलं. बायकांना "सांभाळून, ताई" म्हणत, प्राध्यापकांना काखेत धरून. बसलेली म्हैस उठेना; तिला काकांनी पुढून ओढलं, मी आणि वॉचमनने मागून रेटलं. काटा शून्यावर आला तशी त्याने फाटकं उघडली आणि स्टुलावर बसला. टोपी काढून त्याने घाम पुसला. बायकोने आपली पाण्याची बाटली त्याला दिली.

"घाबरलात का, भाऊ?"

"नाही, ताई." तो पाणी प्यायला. "कारखाना बंद झाल्यापासून इथे भरलेला माल आलाच नव्हता. काटा हलताना बघून बरं वाटलं."

परतताना प्राध्यापक म्हणाले की, काटा चालू आहे हे आता त्यांना मान्य आहे, पण त्यावरून बायकोचं वजन शून्य ठरत नाही. सोसायटीच्या गेटपर्यंत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.