टपरीवर लॉक काढून ठेवलेला फोन

आज आचऱ्याच्या बंदरावर माझं डोकं फिरलं, ते अजून शांत झालेलं नाही.

शेजारच्या फिलोमिनाने चहाच्या टपरीवर फोन चार्जिंगला लावला, तोही लॉक काढून. "घोव दर्यात आसा. त्याचो फोन इलो तर कोणीतरी उचलूक होयो मां!" नवऱ्याचा कॉल चुकू नये म्हणून इथे बऱ्याच जणी असंच करतात.

आम्ही दोघी मासळी घेऊन परतलो, तर टपरीवाला त्या फोनमधले तिच्या मुलीचे फोटो मित्रांना दाखवत होता. मी फोन हिसकावला.

"फोटोच बघलंय गो, खाल्लंय थोडेच?" तो म्हणाला, आणि सगळे निर्लज्जपणे हसले.

फिलोमिना फोन चाळून बघू लागली. एखादा फोटो स्वतःला पाठवून त्याने मागचा पुरावा पुसला असेल, तर आम्हाला कसं कळणार?

बायांनो, लॉक असलेल्या फोनवरही कॉल उचलता येतो. मग आपल्या लेकी आपण कोणाच्या भरवशावर उघड्या ठेवतोय?